पंख्याचा ओव्हन की बिनपंख्याचा

मला बघायला आले होते तेव्हा आमच्या यांनी बशीतले पोहे संपायच्या आत होकार दिला होता. पुढे ओव्हन घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याच माणसाला आठ महिने लागले. यावरून काय समजायचं ते मी समजले आहे.

तोवर आमच्याकडे गोल ओव्हन होता. ॲल्युमिनियमचा, झाकणात मधोमध वाटीएवढी काच, आणि वायर अशी जाड की तिनं म्हैस बांधता आली असती. नव्वदच्या आसपास ज्या मुलींची लग्नं झाली त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना तो आहेरात मिळाला. मला मावशीनं दिला. त्याला उष्णता दाखवणारा काटा नव्हता. प्लग लावला की चालू, काढला की बंद. कॉइल तळाशी असल्यामुळे केक खालून काळा आणि वरून दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या माणसासारखा पांढरा व्हायचा. मी खालचं खरवडून टाकायची आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची. मी शिकवायची त्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "किती छान सजवतेस गं." मी त्यांना सजावटीचं कारण कधी सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी त्याची कॉइल चौथ्यांदा तुटली. मेन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानं ओव्हन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, याचा पार्ट आता येत नाही. नवीन घ्या."

मी घरी येऊन यांना म्हटलं, "अहो, रविवारी जाऊन एक ओव्हन घेऊन येऊ."

"असं कसं घेऊन येऊ?" हे म्हणाले. "आधी समजून घेऊ."

हे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्यात एखादं मशीन बंद पडलं की हे तासाभरात चालू करायचे, असं तिथले लोक सांगत. घरी मात्र चालू मशीनसुद्धा आधी समजून घ्यावं लागे. मिक्सर समजून घेताना त्याचं एक भांडं गेलं होतं.

रविवारी आम्ही महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथं दोन प्रकारचे ओव्हन होते. दोन्ही चौकोनी, दोन्हींना काचेचं दार, दोन्हींना खाली-वर कॉइल. एकाच्या मागच्या भिंतीवर जाळी होती आणि जाळीमागे छोटा पंखा.

"मॅडम, पंख्याचा घ्या," विक्रेता म्हणाला. "यात हवा फिरते."

"फिरून काय करते?"

"सगळीकडे जाते."

"आणि हा दुसरा?"

"हा साधा. यात हवा फिरत नाही."

"मग काय करते?"

त्यानं थोडा विचार केला. "एका जागी राहते, मॅडम."

एवढ्या ज्ञानावर मी कुठलाही एक घेऊन आले असते. पण यांनी त्याला पंख्याची मोटर किती वॉटची, पाती कशाची, आणि इतक्या उष्णतेत बेअरिंग किती वर्षं टिकतं, हे तीन प्रश्न विचारले. तो म्हणाला, "शेठना विचारून येतो," आणि आत गेला. आम्ही बराच वेळ उभे होतो. तो काही बाहेर आला नाही.

त्यानंतर यांनी घरी एक तक्ता केला. पट्टीनं रेघा मारून. एका बाजूला पंख्याचा, दुसऱ्या बाजूला साधा. विजेचा वापर, मोटरची हमी, सुटे भाग, आवाज, वजन. दर रविवारी त्यात एखादी ओळ वाढायची. सगळा तक्ता वाचून काढला तरी केक हा शब्द त्यात कुठे सापडत नसे. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "केक हा निकाल आहे. आपण अजून कारणांवर आहोत."

या कामात भर घालायला माझी नणंद होतीच. ती देवळाली कॅम्पात राहायची. तिचे यजमान तोफखान्यात सुभेदार. त्याआधी ते लोक उत्तरेत कुठे कुठे राहून आले होते आणि येताना लष्करी कॅन्टीनमधला पंख्याचा ओव्हन घेऊन आले होते. तेव्हापासून नणंद ओव्हनबद्दल बोलायला लागली की आवाज थोडा खाली आणायची, जसं काही आपण तिचं ऐकायला पुढे झुकणारच आहोत.

एकदा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा म्हणाली, "वहिनी, साधा ओव्हन आता कुणी घेत नाही. आमच्या क्वार्टर्समध्ये तर एकाकडेही नाही."

हे ती बोलत होती तेव्हा तिची शेजारीण, एक मल्याळी बाई, तिथंच चहा पीत बसली होती. तिला मराठी बोलता यायचं नाही, कळायचं मात्र सगळं. ती शांतपणे म्हणाली, "सादा? मेरे पास है ना. सोलह साल से."

नणंदेनं तिला आणखी एक बिस्किट दिलं.

ते ऐकून यांचे डोळे चमकले. एका भिंतीच्या अलीकडे पंख्याचा ओव्हन, पलीकडे साधा. असा योग पुन्हा येणार नव्हता. यांनी तिथंच जाहीर केलं की पुढच्या रविवारी चाचणी घ्यायची. एकच मिश्रण, एकाच मापाची भांडी, एकच वेळ.

मी म्हटलं, "ठीक आहे, मी इथं येऊन केक कालवते."

"इथं नको," हे म्हणाले. "हिचा वजनकाटा खात्रीचा नाही. घरी वजन करून न्यायचं."

त्या रविवारी मी इंदिरानगरमध्ये केकचं मिश्रण कालवलं. सासूबाई अंडं खात नसत म्हणून मला सवय दह्याच्या केकची. दही, सोडा, बेकिंग पावडर. ज्यांनी कधी हे केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको, पण यांनी केलेलं नव्हतं. दही-सोडा एकदा भेटले की ते कुणासाठी थांबत नाहीत. मी मिश्रण मोठ्या स्टीलच्या डब्यात भरलं, डबा मांडीवर घेतला आणि स्कूटरवर मागे बसले. द्वारका चौकापर्यंत ठीक होतं. नाशिकरोडला डब्यातून बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. विहितगावला झाकण उचललं गेलं.

"अहो, वर येतंय," मी म्हटलं.

"काय वर येतंय?"

"केक."

"दाबून धर," हे म्हणाले.

कॅम्पात पोचले तेव्हा माझ्या साडीवर व्हॅनिलाचा घमघमाट होता आणि मिश्रण निम्म्याहून थोडं कमी झालं होतं. यांनी उरलेलं नणंदेच्या त्याच बिनखात्रीच्या काट्यावर मोजून दोन भांड्यांत सारखं केलं. साडीची नोंद चाचणीत घेतली गेली नाही.

दोन्ही ओव्हन एकशे ऐंशीवर लावले. हे घड्याळ आणि वही घेऊन दोन्ही घरांच्या मध्ये, व्हरांड्यात उभे राहिले. सुभेदारसाहेब आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आयुष्यात कुठे भाग घ्यायचा आणि कुठे नाही, हे त्यांना चांगलं कळायचं.

वीस मिनिटांत नणंदेचा केक वरून खमंग तपकिरी झाला. "बघा," ती म्हणाली. "पंखा." पाच मिनिटांनी त्याला मध्ये भेग पडली. आणखी पाच मिनिटांनी त्याचा एक खांदा वर आणि एक खाली झाला, जणू तोही स्कूटरवरून आला होता. तिनं दार उघडून सुरी घातली, तर सुरीला आतलं ओलं पीठ लागून आलं. वरून भाजलेला, आतून कच्चा.

पलीकडच्या घरात साध्या ओव्हनचं काम सावकाश चाललं होतं. त्याला पाऊण तास लागला. वर आला तो सपाट, मऊ, रंग थोडा फिका. मधेच एकदा मल्याळी बाईनं कुणाला न विचारता दार उघडलं, भांडं अर्धं फिरवलं आणि दार लावलं. हे नेमकं यांनी पाहिलं.

"अहो, तुम्ही भांडं फिरवलंत," हे म्हणाले. "आता हा निकाल धरता येणार नाही."

"नहीं घुमाएगी तो पीछे से जलेगा, भाईसाब," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं तो निकाल नव्हता, केक होता.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचं पीठच वाटेत बिघडलं. नाहीतर आमच्यात असं कधी होत नाही."

तेव्हा त्या बाईनं दुसरी गोष्ट सांगितली. पंखा असला की वीस डिग्री कमी ठेवायचं असतं. वारा गरम हवा सगळीकडून सारखी लावत राहतो, म्हणून वरचं आधी होऊन जातं. हे तिला कसं माहीत, असं नणंदेनं विचारलं. "किताब में लिखा है," ती म्हणाली. "आप ने ही दिखाया था."

पुस्तिका शोधायला दहा मिनिटं लागली. ती मसाल्याच्या खणात, डब्यांच्या खाली कागदाऐवजी अंथरलेली होती. हळद पुसून यांनी ती मोठ्यानं वाचली. वीस डिग्री कमी.

"हे त्यांनी ठळक अक्षरांत छापायला हवं होतं," नणंद म्हणाली.

ते ठळक अक्षरांतच छापलेलं होतं. चौकटीत. पण यांनी पुस्तिका मिटून तिला परत दिली. बहिणीच्या बाबतीत माणसाला इतकी दया असते हे मी त्या दिवशी पाहिलं. दोन्ही केक आम्ही तिथंच चहाबरोबर खाल्ले. कच्चा भाग नणंदेनं स्वतःच्या बशीत घेतला. हे मला आवडलं.

या सगळ्याचा परिणाम म्हणून महिन्याभरानं यांनी ओव्हन आणला. त्याला पंखा होता, आणि पंखा बंद करायचं एक वेगळं बटणही होतं. हे फार खुशीत होते. "दोन्हींचे फायदे एकात," म्हणाले. म्हणजे आठ महिने कुठला घ्यावा याचा विचार करून यांनी असं यंत्र आणलं होतं, की ती निवड आता रोज मी करायची.

तेवढ्यात सटाण्याहून सासूबाई आल्या. दरवर्षी त्या तीन-चार महिने आमच्याकडे असत. येताना बट्टीचं जाडसर पीठ आणि माझ्या स्वयंपाकाबद्दलची मतं बरोबर आणत. त्यांनी ओव्हनसमोर उभं राहून आत वाकून पाहिलं.

"हाई काय शे?"

"ओव्हन आहे, आई."

"आन हाऊ पंखा कसाले? चुलाले गरम व्हस का?"

मी त्यांना हवा फिरते वगैरे सांगितलं. हे सांगताना मी त्या विक्रेत्यासारखीच बोलते आहे हे माझ्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, मग करून दाखव बट्टी. सटाण्याला त्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत बट्ट्या भाजत. आमच्या बाल्कनीत गोवऱ्या पेटवायचा त्यांचा विचार वर्षापूर्वी आम्ही कसाबसा मोडला होता, तो राग त्यांनी जपून ठेवलेला होता.

पहिल्या बट्ट्या मी पंखा लावून भाजल्या. बाहेरून सुरेख रंग आला. सासूबाईंनी एक उचलली, ताटाच्या काठावर आपटली. ताट वाजलं.

"हाई बट्टी नई, गोटा शे."

दुसऱ्या खेपेला पंखा बंद ठेवला. वेळ जास्त लागला, मागच्या रांगेतल्या थोड्या करपल्या, पण आत मऊ राहिल्या आणि तूप घातल्यावर फुटल्या. त्यांनी वरणात कुस्करून एक खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी.

"कशी झाली, आई?" मी विचारलं.

"गोवरीवरनी सर नई," त्या म्हणाल्या आणि चौथी घेतली.

पण पंखा त्यांनी एका कामासाठी मान्य केला. त्यात शेंगदाणे फार छान भाजले जात. ढवळायला नको, काळे डाग नकोत. एकदा हे कळल्यावर मला केक करायचा असला की ओव्हनमध्ये शेंगदाणे असत. चार महिन्यांत आम्ही शेंगदाण्यांचं कूट घालून जे जे होतं ते सगळं खाल्लं, आणि जे होत नाही तेही.

त्या ओव्हनबद्दल माझं मत पुढच्या वर्षीपर्यंत अर्धवटच होतं. मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं की मुलांच्या खाऊचं कोण पाहील. मी वर पाहिलं. एवढंच माझं चुकलं. "मॅडमकडे तर मोठा ओव्हन आहे," असं कुणीतरी म्हणालं, आणि तीनशे मुलांची नानकटाई माझ्याकडे आली. प्रत्येकी दोन.

मी आदल्या दिवशी रजा घेतली. सकाळी आठलाच पहिल्या दोन ताटल्या एकावर एक लावल्या, पंखा सुरू केला, वीस डिग्री कमी केल्या. पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि पाहतच राहिले. वरची ताटली आणि खालची ताटली, दोन्हींचा रंग एक. कोपऱ्यातली आणि मधली, रंग एक. साध्या ओव्हनमध्ये दोन ताटल्या लावल्या तर एक जळते आणि एक रडते, हे मला माहीत होतं. इतके दिवस ज्या पंख्याला मी नावं ठेवत होते त्यानं माझा निम्मा वेळ वाचवला होता. मी एकटीच होते, म्हणून कबूल करायला हरकत नव्हती.

नऊला वीज गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक यांनी फ्रिजवर चिकटवलेलं होतं, रंगीत शाईनं. त्याप्रमाणे आमच्याकडे वीज दुपारी जायची होती. पण ते वेळापत्रक त्याच आठवड्यात बदललं होतं, आणि हे विजेला कळलं होतं, फ्रिजला नाही. मी यांना कारखान्यात फोन केला. हे म्हणाले, "ओव्हनचं दार उघडू नकोस, उष्णता आत राहील." मी उघडलं नाही. उष्णता आत राहिली, आणि त्या मंद उबेत नानकटाया हळूहळू वितळून एकमेकींना जाऊन मिळाल्या. दार उघडलं तेव्हा ताटलीभर एकच नानकटाई होती.

वीज कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. ओट्यावर पिठाचे दोन डोंगर होते. मी बराच वेळ फोनकडे बघत बसले, कारण आता एकच नंबर उरला होता. शेवटी नणंदेला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. ती काहीतरी ऐकवेल याची मनाची तयारी केली होती.

"घेऊन या, वहिनी," ती म्हणाली. "आमच्याकडे वीज दुपारी तीनपर्यंत आहे."

मी रिक्षा केली. या वेळी पिठात दही नव्हतं, त्यामुळे ते जागेवर राहिलं. पोचले तर नणंदेनं ओटा मोकळा करून ठेवलेला, ओव्हन आधीच तापवलेला. काटा एकशे साठवर होता. मी तो पाहिला, तिनं मला पाहताना पाहिलं, आणि आम्ही दोघी नानकटाया वळायला बसलो. पलीकडून मल्याळी बाई न बोलावता आली, एक ताटली उचलून स्वतःच्या ओव्हनकडे घेऊन गेली. पंख्याच्या ओव्हनमध्ये दोन ताटल्या जात होत्या, तिच्या साध्यात एकच, आणि तीही मधे फिरवून. तरी तिनं नेलेल्या प्रत्येक ताटलीतल्या नानकटाया जिभेवर ठेवताच विरघळत होत्या. पंख्याच्या जरा जास्त कुरकुरीत. आम्ही तिघींनी चाखून चाखून याची खात्री केली, त्यामुळे मुलांच्या वाट्यातल्या वीसेक कमी झाल्या.

तीन वाजायला थोडा वेळ असताना शेवटची ताटली बाहेर आली. नणंदेच्या केसांत पीठ होतं. ती पाटावर टेकली आणि म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? केक मला यात कधीच नीट जमला नाही. मी शेजारच्यांकडून करून आणते."

"आणि आम्हाला पंख्याचा घ्या म्हणून सांगत होतीस."

"मग काय सांगणार? एवढा लांबून आणला होता." ती हसली. मीही हसले. लग्न होऊन मला बारा वर्षं झाली होती. आम्ही दोघी एका वेळी हसल्याचं तोवर मला आठवत नाही.

संध्याकाळी हे घरी आले, डबे पाहिले आणि म्हणाले, "कुठल्या ओव्हनच्या कुठल्या, ते वेगळं लावलं आहेस ना? उद्या मुलांना विचारता येईल." मी म्हटलं, सगळ्या एकत्र भरल्या. यांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तीनशे मुलांनी दहा मिनिटांत सगळं फस्त केलं. एकानंही हवा फिरलेली की एका जागी राहिलेली, असं विचारलं नाही.

दोन वर्षांनी सुभेदारसाहेबांची बदली झाली आणि नणंद ओव्हनसकट दूर गेली. माझा मात्र हात आता बसला आहे. बिस्किटं, नानकटाई, शेंगदाणे असले की पंखा. केक, पाव, बट्टी असली की बटण बंद. शंका आली तर बंद. यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

मध्यंतरी समोरच्या इमारतीतली नवी सून विचारायला आली, ओव्हन कुठला घेऊ. मी तिला हेच सांगितलं, अर्ध्या मिनिटात. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं काकू, सांगितलंत. तरी यांना विचारते. मशीनमधलं आपल्याला काय कळतं?"

तिच्या यांनी आमच्या यांना विचारलं. रविवारी दोघं आमच्या बाहेरच्या खोलीत दोन तास बसले होते. मी चहा नेऊन दिला तेव्हा बेअरिंगचं चाललं होतं.